पिल्लाची शी-शू आणि आपला एक शब्द

(लातूरमध्ये झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्ते पशुवैद्यक आहेत. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



विषयाचं नाव ऐकून मागच्या रांगेतली पोरं हसली, ते मला इथून दिसलं. हसा, काही हरकत नाही. पण दवाखान्यात नवीन पिल्लू घेऊन येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न लसीचा असतो आणि दुसरा हाच असतो. "डॉक्टर, घरभर करायलंय, काय करावं?" एक तिसराही प्रश्न असतो. तो हळू आवाजात येतो, आणि बहुतेक वेळा महिना-दोन महिन्यांनी येतो. "हे कुणाला देऊन टाकता येईल का?"

या तिसऱ्या प्रश्नासाठी मी आज बोलतोय. पिल्लू आणताना घरात सगळे खूश असतात. मग रोज सकाळी फरशीवर डबकं, सोफ्याखाली शी. घरातल्या बाईचं डोकं उठतं, कारण पुसायला तीच असते. शेजारी जिन्यातल्या वासाची तक्रार करतात. घरमालक फोन करतो. आणि एका रात्री ते पिल्लू गाडीवर घालून बायपासला सोडलं जातं. घरात वाढलेलं पिल्लू रस्त्यावर फार दिवस टिकत नाही. गाड्या आहेत, दुसऱ्या कुत्र्यांची हद्द आहे, आजार आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्यात पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. म्हणजे कायद्याच्या धाकाने हे थांबणार नाही. ते थांबेल घरातली फरशी कोरडी राहिली तर. म्हणून हा विषय हसण्यावारी नेऊ नका.

आपल्याकडे हा प्रश्न नवा का आहे?

बघा, मराठवाड्याला कुत्रं काही नवीन नाही. कारवानसारखी उंच, सडपातळ, पळणारी कुत्री आपल्या भागात पिढ्यान्पिढ्या आहेत. शेतावर, आखाड्यावर, मेंढरांबरोबर, वाड्याच्या दाराशी कुत्रं असायचंच. पण त्याला शी-शू कुठे करायची हे कुणी शिकवलं का? नाही. गरजच नव्हती. कुत्रं राहायचं बाहेर. उठायचं, बांधाला जायचं, मोकळं होऊन यायचं. घराच्या उंबऱ्याच्या आत त्याला यायची परवानगीच नव्हती.

आता काय झालंय? आपण राहतो तिसऱ्या मजल्यावर. लातूर काय, नांदेड काय, शहर वर वर चाललंय. मुलांच्या शिकवण्यांसाठी माणसं गाव सोडून दोन खोल्यांत येऊन राहतात. त्या दोन खोल्यांत आपण लॅब्राडोर आणतो, जर्मन शेफर्ड आणतो. बांध नाही, अंगण नाही, सगळीकडे गुळगुळीत टाइल्स. पिल्लाच्या दृष्टीने सगळी जमीन सारखीच. आपला उंबरा त्याला कळत नाही. शिकवण्याची पद्धत आपल्या जुन्या माणसांकडून आपल्याला मिळालेली नाही, कारण त्यांना ती कधी लागलीच नाही.

पिल्लाच्या शरीरात काय चालतं?

शिकवायच्या आधी शरीर समजून घेऊ.

जन्मलेलं पिल्लू पहिले दोन-तीन आठवडे स्वतःहून शी-शू करूच शकत नाही. आई त्याच्या पोटाखाली आणि शेपटीजवळ चाटते, तेव्हा ते मोकळं होतं. आणि ती लगेच साफही करते. म्हणून पहिल्या दिवसांत पिल्लांची जागा स्वच्छ दिसते. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पिल्लू चालायला लागतं. मग ते झोपायच्या जागेपासून थोडं लांब जाऊन करतं. हे कुणी शिकवत नाही. झोपायची जागा कोरडी ठेवायची, ही बुद्धी ते घेऊनच येतं. आपली सगळी शिकवणी या एका गोष्टीवर उभी आहे.

पुढे साधारण आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत त्याच्या पायाखालची सवय पक्की व्हायला लागते. मातीवर करणारं माती शोधतं, गवतावर करणारं गवत शोधतं. आणि पिंजऱ्यात स्वतःच्या घाणीत बसून वाढलेलं पिल्लू? त्याची ती जन्मजात बुद्धी बोथट होते. म्हणून पिल्लू कुठून आणता याला महत्त्व आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा २०१७ च्या नियमांत उल्लेख आहे. तरी तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात. "साहेब, लहान आणलं की लवकर लळा लागतो" असं सांगतात. खरं तर त्या वयात त्याने आई-भावंडांमध्ये असायला पाहिजे.

आता मूत्राशय. लघवी साठते ती पिशवी स्नायूची असते. ती भरली की आपोआप आकसते, त्यावर पिल्लाचा ताबा नाही. तिच्या तोंडाशी एक झडप आहे, ती आवळून धरता येते. पण ती धरायला शिकणं हे वयाचं काम आहे. ढोबळ हिशोब असा धरा, की जितके महिने वय तितके तास ते जागेपणी धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू दोन तास. तेही शांत असेल तर. खेळत असेल तर अर्ध्या तासातही होतं. बऱ्यापैकी ताबा यायला चार ते सहा महिने लागतात. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाने पाच तासांनी फरशीवर केलं तर त्यात त्याचा हट्ट नाही, सूड नाही, "मुद्दाम केलं" तर अजिबात नाही. पिशवी भरली, सांडली. एवढंच.

शीचंही तसंच. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं. म्हणून खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत शी येते.

यावरून चार वेळा लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर. खाल्ल्यावर. खेळून झाल्यावर. झोपायच्या आधी. या चार वेळा कुठल्याही पिल्लाच्या चुकत नाहीत.

आजीने काय केलं होतं?

आता मुख्य मुद्दा. एका शब्दावर शी-शू. लोकांना वाटतं ही पोलिसांच्या श्वानपथकातली काहीतरी विद्या आहे. हुकूम सोडला की कुत्र्याने पाळायचा.

मंडळी, पिशवीला हुकूम देता येत नाही. मला कुणी आत्ता "लघवी कर" म्हणालं तर मीसुद्धा करू शकणार नाही.

पण आपल्या घरातल्या आज्यांनी हे काम पिढ्यान्पिढ्या केलंय, ते आठवा. लेकरू झोपेतून उठलं की आजी त्याला दोन पायांवर धरायची, मोरीत न्यायची आणि तोंडाने हळू आवाज काढायची. "शूऽऽ शूऽऽ". आणि लेकरू करायचं. तो आवाज म्हणजे हुकूम नव्हता. आजीला वेळ माहीत होती. लेकरू उठलंय, पिशवी भरलेली आहे, आता होणारच आहे. त्या होण्याच्या क्षणाला तिने रोज तोच आवाज जोडला. महिन्याभरात आवाज आला की शरीर तयार व्हायला लागलं.

याच गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास रशियात इव्हान पावलोव्ह यांनी केला. ते पचनाचे अभ्यासक. १९०४ साली त्यांना नोबेल मिळालं तेही पचनक्रियेच्या कामासाठी. अन्न देण्याच्या आधी रोज एक ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवलं. लाळ काही कुत्रा ठरवून सोडत नाही. आवाज शरीराच्या क्रियेला जोडला गेला, म्हणून ती सुटली.

आपल्याला दोन गोष्टी एकत्र करायच्यात. एक, शब्द क्रियेला जोडायचा. दोन, क्रिया झाल्याबरोबर बक्षीस द्यायचं, म्हणजे ती त्या जागी परत करावीशी वाटेल. ब्रिटनमध्ये अंध माणसांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांना हेच शिकवतात. त्यांचा शब्द आहे "बिझी बिझी". त्या शब्दाचा लघवीशी काही संबंध आहे का? नाही. पण ज्याला दिसत नाही त्या माणसाला आपला कुत्रा कधी आणि कुठे मोकळा झाला हे कळलंच पाहिजे. त्याच्यासाठी ही चैन नाही, गरज आहे.

शब्द कुठला निवडायचा?

लहान असावा. घरातल्या सगळ्यांनी तोच वापरावा. चारचौघांत म्हणताना लाज वाटू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवसभर इतर कामांत तो तोंडात येत नसावा.

काही जण "आटप" ठेवतात. आता शिकवणीला जाणारं पोरगं असलेल्या घरात सकाळी सहापासून किती वेळा "आटप" होतं? वीस वेळा. पिल्लाला वाटेल, काय बोलतात काही कळत नाही. "चल", "जा", "कर" हेही तसेच. मी "मोकळं" हा शब्द सुचवतो. "मोकळं, मोकळं" असं दोनदा, हळू. तुम्हाला "शू-शू" बरं वाटलं तर तेही चालेल, पण मग पक्षी हाकलताना, लेकराला गप्प करताना तोच आवाज काढू नका. शी आणि शू दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला तरी भागतं.

शिकवायचं कसं?

पहिला आठवडा शब्द विसरा. एकच जागा ठरवा. अंगणाचा कोपरा असेल, इमारतीमागची माती असेल, गच्चीवर मातीचा ट्रे असेल. त्या चार वेळांना, आणि मधल्या काळात दर तास-दीड तासाने, पट्टा लावून तिथेच न्या. पट्टा का? सोडलं तर ते फुलपाखरामागे पळतं आणि मूळ काम विसरतं. तुम्ही झाडासारखे उभे राहा. बोलू नका, खेळू नका, मोबाइलही बघू नका. तीन ते पाच मिनिटं थांबा. झालं, की तिथल्या तिथे, एक-दोन सेकंदांच्या आत खाऊ. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, पनीर, काही नाही तर भाकरीचा तुकडा. घरात येऊन डब्यातून काढून दिलं तर त्याला वाटतं, घरात येण्याचं बक्षीस मिळालं. म्हणून खाऊ आधीच खिशात ठेवा. एक सांगून ठेवतो, द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला देऊ नका, मूत्रपिंडाला धोका असतो. चॉकलेट आणि कांदाही नको.

झालं नाही तर? घरात आणा, पण मोकळं सोडू नका. पट्टा हातात किंवा ते त्याच्या पिंजऱ्यात, टोपलीत. दहा-पंधरा मिनिटांनी परत न्या. बाहेर न करता आत येऊन करणाऱ्या पिल्लांचं गुपित हेच असतं, आपण ही पंधरा मिनिटं सोडून देतो.

दुसऱ्या आठवड्यात शब्द आणा. पिल्लाने करायला सुरुवात केली, की हळू आवाजात "मोकळं, मोकळं". मोठ्याने म्हणालात तर ते दचकून अर्ध्यावर थांबेल आणि उरलेलं घरात करेल. झालं की खाऊ.

तिसऱ्या आठवड्यात शब्द थोडा आधी. पिल्लू करायच्या आधी खूण देतं. नाक जमिनीला लावून हुंगतं, एकाच जागी गोल फिरतं, मागचे पाय आखडतं. ती खूण दिसली की शब्द.

त्यानंतर, जागेवर पोचल्याबरोबर शब्द. पण एक अट आहे. त्याची पिशवी भरलेली असल्याची तुम्हाला खात्री पाहिजे. आत्ताच केलंय आणि तुम्ही पाहुण्यांना दाखवायला म्हणून "मोकळं, मोकळं" करत बसलात, तर शब्द वाया गेला. असं पंधरा-वीस वेळा झालं की तो शब्द त्याच्यासाठी पंख्याच्या आवाजासारखा होतो. शब्द खोटा पडू देऊ नका. एकदा, फार तर दोनदा म्हणायचा आणि वाट बघायची.

आणखी एक चूक घरोघरी होते. पिल्लू फिरायला नेलं, त्याने केलं, की आपण लगेच वळतो घराकडे. आपल्याला ऑफिस असतं. पिल्लू काय शिकतं? केलं की मजा संपते. मग हुशार पिल्लू धरून ठेवतं, वेळ काढतं. उलट करा. आधी ठरलेल्या जागी उभं राहायचं, काम झालं की मग फिरायचं. चार खांब जास्त फिरवलं तरी चालेल. फिरणं हेच बक्षीस.

साधारण सहा ते आठ आठवडे सगळ्यांनी सारखं वागलं तर बहुतेक पिल्लं शब्दाला प्रतिसाद देतात. घरात एकाने शिकवायचं आणि दुसऱ्याने ओरडायचं, असं असेल तर सहा महिने लागतील.

मारणं आणि नाक घासणं

घरात केलं की नाक घासायचं, चप्पल मारायची. ही पद्धत आपल्याकडे फार आहे. पिल्लाला त्यातून काय कळतं? दहा मिनिटांपूर्वीच्या डबक्याचा आणि आताच्या माराचा संबंध त्याला लागत नाही. आणि करताना सापडलं आणि मारलं, तर ते शिकतं की माणसासमोर करणं धोक्याचं आहे. मग ते दिवाणामागे जाऊन करतं. आणि बाहेर तुम्ही पट्टा धरून समोर उभे असलात की करतच नाही. मग शब्दावर कुठून करणार? ज्या माणसासमोर करायला भीती वाटते, त्याच्या शब्दावर ते कधीच करणार नाही. मार दिला की हा सगळा अभ्यासक्रम बंद पडतो.

करताना सापडलं तर टाळी वाजवून थांबवा, उचला, जागेवर न्या. उरलेलं तिथे केलं तर खाऊ. बस.

आपलं पाणी, आपलं ऊन

पुस्तकांत लिहिलेलं असतं, भरपूर पाण्याने धुवा. पुस्तक लिहिणाऱ्याला लातूर माहीत नसतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ज्या घरात दिवसाआड, आठवड्याने पाणी येतं, तिथे पिल्लाने पाच वेळा केलं म्हणून पाच बादल्या ओतायच्या का? नाही. आधी वर्तमानपत्राने किंवा जुन्या कापडाने पूर्ण टिपून घ्या. मग साबणाच्या पाण्याचं फडकं. मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा. एंझाइमचं क्लीनर मिळालं तर उत्तम, ते वासाचं मूळच तोडतं. नुसतं फिनेल ओतून काही होत नाही. आपल्या नाकाला फिनेलचा वास येतो, त्याच्या नाकाला खाली लघवीचा येतच राहतो, आणि वास म्हणजे "इथे करायचं" अशी पाटी. शिवाय पिल्लू फरशी चाटतं, ते फिनेल पोटात जातं.

पण पिल्लाचं पिण्याचं पाणी तोडू नका. "पाणी कमी दिलं की कमी करेल" हा हिशोब आपल्या मे महिन्यात जीवावर बेततो. रात्री झोपायच्या तासभर आधी वाटी उचलली तर एकवेळ ठीक, तेही उन्हाळ्यात नको.

ऊन. दुपारी गच्चीची फरशी, डांबरी रस्ता, त्यावर आपला तळहात पाच सेकंद ठेवून बघा. आपल्याला ठेवता येत नसेल तर पिल्लाच्या पायाला चटका बसणारच. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आणि सूर्य कलल्यावर बाहेर. दुपारच्या वेळेसाठी सावलीतला मातीचा ट्रे ठेवा. पावसाळ्यात उलटं, ओल्या मातीत पाय ठेवायलाच तयार नसतात. छत्री घेऊन दोन मिनिटं उभं राहावंच लागतं. एका पावसाळ्यात सवय झाली की पुढे त्रास नाही.

आणि लस. लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, जिथे मोकाट कुत्री करतात त्या मातीवर पिल्लू उतरवू नका. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. तोपर्यंत स्वतःचं अंगण, गच्ची किंवा ट्रे. ट्रेमध्ये पुढे जिथे करायचं आहे त्याच प्रकारची माती टाका, म्हणजे नंतर जागा बदलली तरी पायाखालची ओळख तीच राहते. वर्तमानपत्रावर शिकवलं तर नंतर ते तुमच्या घरातला प्रत्येक पेपर शोधत फिरेल.

या शब्दाचा उपयोग काय?

पुष्कळ. फाटकाबाहेर पडायच्या आधी स्वतःच्या जागेत मोकळं झालं, की शेजाऱ्याच्या दारात, कुणाच्या रांगोळीवर पाय वर होत नाही. निम्मी भांडणं तिथेच संपतात. नांदेडहून पुण्याला गाडीने निघालात, वाटेत दहा मिनिटं थांबलात, तर एक शब्द आणि काम झालं. रात्री अडीचला थंडीत पाऊण तास उभं राहावं लागत नाही. आणि आमच्या कामाचं सांगतो. लघवीची तपासणी करायची असली, कुत्र्याचा पाय प्लास्टरमध्ये असला, की शब्दावर करणारा कुत्रा म्हणजे देवमाणूस.

उचलणं मात्र तुमच्याकडेच राहतं. कुत्र्याच्या शीतून गोल जंतांची अंडी आणि हुककृमी मातीत जातात. गोल जंतांची अंडी वर्षानुवर्षं टिकतात. त्याच मातीत लेकरं अनवाणी खेळतात. जुना पेपर घ्या, उचला, कचऱ्यात टाका. गोदावरीच्या घाटावर, शाळेच्या मैदानावर तर कुत्रं नेऊच नका त्या कामासाठी. आणि जंताचं औषध वेळेवर द्या.

प्रश्नोत्तरं

*"सर, आमचं अर्धा तास बाहेर फिरतं आणि घरात आल्याबरोबर गादीवर करायलंय. असं कसं?"*

ताई, बाहेर त्याला बघायला, हुंगायला इतकं असतं की काम राहून जातं. घर शांत, तिथे आठवतं. फिरवण्याच्या आधी एका जागी उभं राहा, पाच मिनिटं. नाही झालं तर घरात आल्यावर पट्टा सोडू नका, पंधरा मिनिटांनी परत खाली. दोन-तीन दिवस पायऱ्या चढून पाय दुखतील, पण गादी वाचेल. आणि त्या गादीचा वास आधी काढा.

*"माझा कुत्रा तीन वर्षांचा आहे. आता शिकेल का?"*

शिकेल. उलट मोठ्या कुत्र्याला धरता येतं, त्यामुळे वेळ ओळखणं सोपं. पायऱ्या त्याच. जुनी सवय मोडायला थोडे जास्त दिवस धरा. नर असेल आणि घरात टेबलाच्या पायाला थोडं थोडं उडवत असेल, तर ते हद्द आखणं आहे, लघवी नव्हे. त्याबद्दल नसबंदीचा विचार डॉक्टरांशी बोलून करा.

*"पाहुणे आले की पिल्लू आनंदाने जागेवरच सोडतं. ओरडलो तर अजून करतं."*

मामा, ते आनंदाने किंवा दबून होतं. त्यावर त्याचा ताबाच नसतो, म्हणून शब्दही लागू पडत नाही. ओरडलात की ते अजून दबतं आणि अजून सुटतं. पाहुण्यांना सांगा, आल्या आल्या पिल्लाकडे बघू नका, वाकून डोक्यावर हात नका ठेवू. दोन मिनिटांनी खाली बसून हात पुढे करा. वय वाढलं की बहुतेकांचं हे आपोआप थांबतं.

*"सगळं नीट शिकलं होतं, आता अचानक घरात करायला लागलं. विसरलं का?"*

विसरत नाहीत. अचानक बदल झाला तर आधी दवाखाना. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडा, मधुमेह, मूत्रपिंड, काहीही असू शकतं. सारखं थोडं थोडं होतंय का, जोर लावतंय का, लघवीत रक्त दिसतंय का, पाणी जास्त पितंय का, हे बघून या. आपल्या जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडकरांना परभणीचं जवळ पडेल. आजारी जनावराला शिकवणी नको, उपचार पाहिजेत.

*"आम्ही दोघंही नोकरीला. दिवसभर घरात कुणी नसतं. मग?"*

मग दोन महिन्यांचं पिल्लू आणू नका. कडू वाटेल, पण हेच उत्तर आहे. दोन तासांच्या पिशवीला नऊ तास कोंडून ठेवलं तर कुठलाच शब्द कामाला येणार नाही. आणायचंच असेल तर पहिले दोन महिने दुपारी येऊन बाहेर नेणारं माणूस आधी ठरवा, मग पिल्लू ठरवा. किंवा वर्षभराचं, धरायला शिकलेलं कुत्रं घ्या. रस्त्यावरची, देशी, चांगली कुत्री घराची वाट बघत असतात.

वेळ झाली आहे, थांबतो. ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांनी उद्यापासून एक वही करा. कधी खाल्लं, कधी झोपलं, कधी केलं, चार दिवस फक्त लिहा. तुमच्या पिल्लाचं वेळापत्रक त्यातच सापडेल. शब्द पाचव्या दिवशी सुचला तरी चालेल.